दूध आणायला

"नासलं गं," येसूआत्या म्हणाल्या, आणि पळीनं ढवळून त्यांनी मला पातेलं दाखवलं. हिरवट पाणी आणि त्यात पांढऱ्या गाठी.

मी स्टोव्हसमोर पाटावर बसले होते. प्रवासातली साडी बदलून, वेणी घालून, अगदी तयार होऊन. दारात विद्याधर खांद्यावर गादीची वळकटी घेऊन उभे, आणि त्यांच्यामागे घरमालकीण लांजेवारकाकू. दूध त्यांनीच आणून दिलं होतं.

"नासून गेलं काय जी?" त्या पुढे येऊन वाकून पाहू लागल्या. "असं कसं? तापवलेलं होतं नं. माझ्या घरचं दूध आजवर नासलं नाही, बाप्पा."

नव्या घरात पहिल्यांदा स्टोव्ह पेटला की त्यावर दूध ठेवायचं, ते उतू जाऊ द्यायचं आणि मगच बाकी सगळं, ही आमच्याकडची रीत. उतू जायच्या जागी ते नासलं तर काय समजायचं, ते तिथं कुणी बोललं नाही. मला शकुन-अपशकुनाचं काही पडलं नव्हतं. मला घड्याळाचं पडलं होतं. साडेचार वाजून गेले होते, आणि सहा वाजता विद्याधर आणि मी त्या घरातून बाहेर पडणार होतो. चार महिन्यांपूर्वी ठरवलेलं होतं ते.

फेब्रुवारी त्र्याऐंशीची ही गोष्ट. नागपूरला आम्ही त्याच दुपारी उतरलो होतो.

लग्नाला चौदा महिने झाले होते आणि या चौदा महिन्यांत आम्हा दोघांना एक संध्याकाळ मिळाली नव्हती. कुणाला सांगितलं तर हसतील. मिरजेच्या घरात माणसं नऊ आणि खोल्या चार. आमचं अंथरूण सगळ्यांची जेवणं उरकून, भांडी घासून, जमीन पुसून झाली की स्वयंपाकघरात पडायचं, आणि पहाटे पाचला येसूआत्या चहाचं आधण ठेवायला यायच्या, त्याच्या आधी उचलायचं. मधलं दार लागत नसे. पलीकडे देवाच्या खोलीत आत्याच झोपत, आणि त्यांना झोप कमी. कूस बदलायची तरी विचार करून.

बाहेर जावं म्हटलं तर पुढच्या दारात मामंजींची आरामखुर्ची. ते कधी रागावत नसत, उगाच कशाला खोटं बोलू. अगदी शांतपणे तीन प्रश्न विचारत. "कुठे? काय काम? किती वेळ?" बस्स. पण काम असल्याशिवाय बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, हा त्या घरातला कायदा होता, आणि काम म्हणजे हातात काहीतरी दिसलं पाहिजे. पिशवी, डबा, तेलाची बरणी. रिकाम्या हातानं बाहेर निघालेली बाई त्या खुर्चीवरून मामंजींनी पाहिलीच नव्हती. पहिल्या महिन्यात मी एकदा "जरा फिरून येते" म्हणाले. मामंजींनी पेपर खाली केला आणि खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं विचारलं, "म्हणजे कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. मी परत आत जाऊन तांदूळ निवडत बसले.

म्हणून विद्याधरांची नागपूरला बदली झाली तेव्हा सासूबाई रडल्या आणि मीही पदर डोळ्यांना लावला, पण आतून मी नाचत होते. त्याच आठवड्यात आम्ही ठरवलं. पहिल्या संध्याकाळी काहीही करायचं नाही. सामान लावायचं नाही, स्वयंपाक करायचा नाही. विद्याधर जागा बघायला जाऊन आले होते. घरापासून दहा मिनिटांवर शुक्रवारी तलाव आहे म्हणाले, कडेला बसायला बाक आहेत. एका लग्नपत्रिकेचं पाकीट उलगडून त्याच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीनं लिहून काढलं:

१. दूध उतू.
२. कुलूप लावणे. किल्ली माझ्याकडे.
३. तलाव, चालत.
४. उघड्यावरचं काहीतरी खाणे.
५. बाकावर बसणे. बोलावंसं वाटलं तर बोलणे.
६. परत यायची घाई नाही.

विद्याधर हसले. "आरामाचीसुद्धा यादी करतेस?" म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून त्यांनी पितळी कुलूप आणलं. आमचं स्वतःचं. ते मी ट्रंकेत साड्यांखाली ठेवलं, आणि यादी कुळथाच्या डब्यात खोचून ठेवली, कारण त्या घरात कुळीथ कुणाला आवडत नसे. रोज दुपारी सगळे लवंडले की मी डबा उघडून ती वाचायची. पाठ झाली होती तरी वाचायची.

आणि मग माशी शिंकली. नव्या बिऱ्हाडाला घरातलं वडीलधारं माणूस बरोबर गेलंच पाहिजे, संसार मांडून द्यायला, असं निघालं. सासूबाई जाणार होत्या, पण त्यांचे गुडघे. मग कोण, कोण, असं रात्रीच्या जेवणाला चाललं होतं. तेवढ्यात येसूआत्या भात वाढता वाढता म्हणाल्या, "मी जाते."

सगळ्यांनी माना वर केल्या. येसूआत्या म्हणजे मामंजींची धाकटी बहीण. वय तेव्हा सत्तावन्न. एकोणिसाव्या वर्षी नवऱ्यानं नांदवायचं नाकारलं, तेव्हा भावाकडे परत आल्या, आणि आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगावर नऊवारी. अडतीस वर्षं त्या घरात त्यांनी काही मागितलेलं कुणाला आठवत नव्हतं. मामंजींनी सवयीनं विचारलं, "किती दिवस?" "नऊ," त्या म्हणाल्या. जणू सगळं मोजूनमापून ठेवलेलं होतं.

मला असा संताप आला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यावरची ही सतराशे एकावी. रात्री विद्याधरांच्या कानात म्हटलं, "त्यांना कुणी सांगितलं होतं मधे पडायला?" ते म्हणाले, "अगं, गाडीच्या प्रवासानं दमेल ती. दूध उतू गेलं की आडवी होईल. आपण पाय मोकळे करायला म्हणून निघू." म्हणजे कुलपाचं कलम गेलंच. बाकीची पाच तरी वाचवायची होती. सामानाच्या बांधाबांधीत यादीचा कागदही कुठे गेला कोण जाणे. डब्यात हात घालून पाहिलं तर नव्हता. केरात गेला असेल म्हटलं.

गाडीत आत्या खिडकीशी बसल्या आणि चोवीस तास बाहेर बघत राहिल्या. मी झोप काढून उठले तरी त्यांची मान तिकडेच. "आत्याबाई, पाठ टेकता का जरा?" विचारलं तर म्हणाल्या, "नको गं, जातंय ते बघू दे." मला वाटलं, सामानाकडे लक्ष ठेवतायत.

तर त्या दिवशी दूध नासलं.

"मी आणतो दुसरं," विद्याधर वळकटी खाली टाकत म्हणाले. "काकू, डेअरी कुठे आहे?"

"हे काय, कोपऱ्यावर. पाच मिनिटं लागतात."

"तू नको," आत्या म्हणाल्या. त्या आधीच उठल्या होत्या आणि सामानातली दुधाची किटली शोधत होत्या. "नासल्या दुधावर घरच्या धन्यानं उंबरा ओलांडायचा नसतो. धनिणीनंही नाही. दुसरं दूध येईस्तोवर दोघांनी घरातच बसायचं असतं."

असला नियम मी जन्मात ऐकला नव्हता. विद्याधरांनीही नसावा. पण येसूआत्यांच्या नियमांना कुणी पुरावा मागत नसे.

"अगं पण तुला गाव नवं, आत्या," विद्याधर म्हणाले. "रस्ता चुकशील."

"दूध आणायला रस्ता कशाला माहीत असावा लागतो? विचारत विचारत जाईन."

त्यांनी आरशात बघून कुंकू नीट केलं. हे मी पाहिलं आणि मला नवल वाटलं, कारण दूध आणायला निघालेली बाई आरशात कशाला बघेल. मग किटली उचलून त्या जिना उतरल्या. लांजेवारकाकू "माझ्या दुधाले काय झालं तेच समजून नाही राहिलं" असं पुटपुटत खाली गेल्या.

पाच वाजले. सव्वापाच. मी दारात उभी राहून जिन्याकडे बघत होते, विद्याधर गादी उलगडून तिच्यावर बसले होते.

"ये ना, बस की," ते म्हणाले.

"बसू काय? साडेपाच होतील आता. मग दूध तापणार, मग त्या पूजा करणार, मग म्हणणार थोडा भात टाक. झालं. गेली आपली संध्याकाळ."

"उद्या जाऊ."

"उद्या तुमचं ऑफिस. आणि उद्याही त्या आहेतच. नऊ दिवस आहेत. तिथून सुटलो आणि इथं आलो, तर ते घर आपल्या मागोमाग चालत आलं. आगीतून फुफाट्यात."

"हळू बोल. काकू ऐकतील."

"ऐकू देत," मी म्हटलं, पण आवाज खाली आणला. चौदा महिन्यांची सवय.

ते उठून माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला. माझं सगळं लक्ष जिन्यात होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, दार लावून घेता येत होतं, आणि हे मला सुचलंसुद्धा नाही. हात झटकला त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पावणेसहाला हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी ते नासलेलं पातेलं मोरीत ओतायला घेतलं. ओतताना गाठींमध्ये काहीतरी दिसलं. मी बोटानं काढलं. लिंबाची बी होती.

मी स्टोव्हच्या मागे पाहिलं. भिंतीला लागून, वर्तमानपत्राच्या तुकड्याखाली, पिळलेलं अर्धं लिंबू. प्रवासाला म्हणून मिरजेहून आणलेल्या लिंबांपैकी.

"अहो," मी म्हटलं. "हे बघा. दूध नासलं नाही. नासवलं."

विद्याधरांनी बी तळहातावर घेतली. "काहीतरीच. आत्या असं कशाला करेल?"

"कशाला म्हणजे? आपल्याला कोंडायला. आपण बाहेर जाणार हे कळलंय त्यांना. रात्री कुजबुजताना ऐकलं असेल, झोप कुठे असते त्यांना? काय तर म्हणे उंबरा ओलांडायचा नसतो. सासूबाईंनी सांगून पाठवलं असणार, दोघांना मोकळं सोडू नको म्हणून."

मी असं बरंच बोलले. मनात साठलेलं चौदा महिन्यांचं सगळं त्या अर्ध्या लिंबावर निघालं. विद्याधर ऐकत होते, आणि मधेच ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "कुंदा, सव्वासहा झाले. डेअरी पाच मिनिटांवर आहे."

मग मात्र लिंबू राहिलं बाजूला. जन्मात एकटी कुठे न गेलेली बाई, अनोळखी शहर, दीड तास.

मी ट्रंकेतून कुलूप काढलं, दाराला लावलं, किल्ली मुठीत धरली. ज्या कुलपाची चार महिने वाट पाहिली ते नीट लागलं की नाही, हेही मी ओढून पाहिलं नाही. आम्ही जवळजवळ पळतच कोपऱ्यावर गेलो.

डेअरीवाले गृहस्थ दुधाच्या कॅनवर झाकण घालत होते. विद्याधरांनी विचारलं, "एक वयस्कर बाई आल्या होत्या का? नऊवारीतल्या? किटली होती हातात."

"आल्या होत्या नं. पाच वाजता. पण दूध नाही घेतलं त्यांनी. म्हणे, येताना घेते."

"येताना? कुठून येताना?"

"तलाव कुठं आहे म्हणून विचारून राहिल्या होत्या. मी दाखवला रस्ता. आज्जी, एकट्याच चालल्या काय, म्हटलं. तर हसल्या फक्त."

विद्याधरांचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असणार. दोघांच्या मनात एकच आलं. नवऱ्यानं टाकलेली बाई. अडतीस वर्षांत काही न मागणारी. घरातल्या कुणाच्या डोळ्यांदेखत नको म्हणून इतक्या लांब, इतक्या आडून. आणि मी, तिला शिव्या घालत बसलेली. दूध नासवून घरातून निघालेल्या बाईला तलावाशी काय काम असणार?

चपलेचा अंगठा तुटला तो मी तसाच ओढत पळत होते. गाड्या, सायकली, संत्र्यांचे ढीग, काही दिसत नव्हतं. तलावाच्या कठड्याशी माणसं फिरत होती, ऊन उतरलं होतं. विद्याधर डावीकडे गेले, मी उजवीकडे.

तिसऱ्या बाकावर त्या बसल्या होत्या.

चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि पाय पुढे पसरले होते. त्यांना पाय पसरून बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. रिकामी किटली शेजारी. हातात संत्र्याची फोड, सालं पदरात नीट गोळा केलेली. पाण्याकडे बघत त्या सावकाश, एकेक फोड करून खात होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. मिरजेला त्यांच्या चेहऱ्यावर सतत असायचं ते, आधण उकळलं का, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, ते काही नव्हतं.

आता मला वाटतं, मी तिथंच थांबायला हवं होतं. विद्याधरांना हात करून गप्प बसवायला हवं होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायला हवं होतं, आणि बोलावंसं वाटलं तर बोलायला हवं होतं. पण भीती उतरली की तिचा राग होतो. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं:

"कुठे गेला होतात? काय काम होतं इकडे? किती वेळ लावायचा तो?"

आवाज माझा होता. शब्द आरामखुर्चीतले होते. तेच तीन, त्याच क्रमानं.

येसूआत्यांनी पाय चटकन आखडून घेतले. उरलेलं संत्रं पदरात टाकलं. आणि उठल्याच, एकदम, भात उतू गेल्यावर उठावं तशा. "नाही गं, दूधच आणायला निघाले होते," म्हणाल्या आणि त्यांनी किटली उचलून मला दाखवली.

तेवढ्यात विद्याधर पोचले. "आत्या, अगं काय हे. जीव गेला होता आमचा."

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "चला, दूध घ्यायचं राहिलं."

निघताना त्यांच्या पदरातून एक कागद खाली पडला. मी उचलला. लग्नपत्रिकेचं उलगडलेलं पाकीट. माझं अक्षर.

"तुम्हाला…" मी म्हटलं. मला विचारायचं होतं, तुम्हाला वाचता येतं? तिथी कोणती हे त्या दुसऱ्यांना विचारत, त्यांच्या नावानं पत्र आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यावरून मी ठरवून टाकलं होतं. चौदा महिने एका स्वयंपाकघरात राहून मी विचारलं नव्हतं.

"चौथी झाली होती माझी," त्या माझ्या हातातून कागद घेत म्हणाल्या. "कुळथाला ऊन द्यायला काढलं तेव्हा सापडला. रोज वाचत होते. तू दुपारी वाचून ठेवायचीस, मी चहाच्या आधी." मग जरा थांबून, विद्याधरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. नुसतं यायचं आणि बसायचं. पण हातात काही नसताना जिना उतरवेना बघ. म्हणून ते लिंबू."

मी वाकून त्यांच्या चपला त्यांच्या पायांशी सरकवल्या.

"आणि म्हटलं, तुम्हालाही तासभर खोली मिळेल," त्या खाली बघत म्हणाल्या. "मधलं दार तिकडे लागत नव्हतं, मला ठाऊक आहे. मीच तर असायची पलीकडे." त्यांची नजर माझ्या मुठीकडे गेली. "कुलूप लावून आलात ना?"

मी मूठ उघडून किल्ली दाखवली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

परत येताना त्या आमच्या पुढे चालत होत्या, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन, किटली हातात, भराभर. मिरजेच्या बोळातून चालायच्या तशाच. मी मागून दोनदा हाक मारायचं ठरवलं. आत्याबाई, थांबा, आपण परत जाऊन बसू. एवढंच म्हणायचं होतं. पण डेअरी आली, दूध घेतलं, घर आलं. लांजेवारकाकू दारातच होत्या. "कुठं गेल्या होत्या जी एवढा वेळ?" त्यांनीही विचारलं.

"डेअरीत गर्दी होती," आत्या म्हणाल्या.

दूध तापत ठेवलं. आम्ही तिघं स्टोव्हभोवती उभे होतो. साय वर आली, फुगली, आणि दूध सगळीकडून उतू गेलं. आत्यांनी हात जोडले. मग फडकं घेतलं आणि पुसायला बसल्या.

नंतरचे नऊ दिवस त्यांनी माझा संसार मांडला. डबे भरले, नावं चिकटवली, मसाला कुटला, लिंबाचं लोणचं घातलं. दुसऱ्याच दिवशी विद्याधर ऑफिसला गेल्यावर मी म्हटलं, "आत्याबाई, संध्याकाळी तलावावर जाऊ या? दोघीच."

त्या लसूण सोलत होत्या. "काम काय आहे तिकडे?" म्हणाल्या.

खोचून बोलल्या नाहीत. टोमणा मारणं त्यांना येतच नव्हतं. त्यांनी खरंच विचारलं होतं, आणि मला याही वेळी उत्तर देता आलं नाही. मी पुन्हा चौथ्या दिवशी विचारलं, सातव्या दिवशी विचारलं. "पाय दुखतात गं," "लोणचं हलवायचंय." तेवढ्या एका संध्याकाळपुरतं त्यांनी स्वतःला बाहेर काढलं होतं, आणि माझ्या तीन प्रश्नांनी त्या परत आत गेल्या होत्या. आता दार आतून लावलेलं होतं.

राहा म्हणावं, असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलं. आठव्या रात्री मी जागी होते. त्या मधल्या खोलीत निजल्या होत्या आणि आमच्या खोलीचं दार लागत होतं. मी त्या लागणाऱ्या दाराकडे बघत राहिले. राहा म्हटलं असतं तर राहिल्या असत्या की नाही माहीत नाही. मी म्हटलं नाही एवढं मला माहीत आहे. मला माझी संध्याकाळ हवी होती.

स्टेशनवर खिडकीतून त्यांनी माझा हात धरला. काहीतरी बोलतील असं वाटलं. म्हणाल्या, "कुळथाला ऊन दाखव अधनंमधनं. पोरकिडे होतात." गाडी हलली. त्यांची मान बाहेर वळलेली होती, जातंय ते बघत.

त्या दिवसापासून आमच्या संध्याकाळी सुरू झाल्या. दोघं गेलो तलावावर, पुष्कळदा गेलो. मी कुठलाही बाक चालेल म्हणायची, तिसरा सोडून. विद्याधरांनी कारण कधी विचारलं नाही.

आत्या गेल्यावर आठवड्यानं मी पिठल्यासाठी कुळथाचा डबा उघडला. वरच ते पाकीट होतं, नीट चौघडी घालून. माझी सहा कलमं, आणि लग्नपत्रिकेला लावतात तसं प्रत्येकापुढे कुंकवाचं बोट. दूध उतू. कुलूप. तलाव. उघड्यावरचं खाणं. बाकावर बसणं. पाच बोटं उठली होती. सहाव्यापुढे कोरं होतं.

त्याच दुपारी मामंजींचं कार्ड आलं. येसू सुखरूप पोचली, तुमचे बिऱ्हाड नीटनेटके लागले असे सांगते, आम्हांस समाधान वाटले. आणि खाली कडेला, जागा उरली म्हणून लिहावं तसं: नागपुरात काय काय पाहिलेस असे विचारले, तर म्हणाली, काही नाही, एकदा दूध आणायला गेले होते, तेवढेच.